जरा पाणी आण

आमच्या घरात पाण्याचा जग कधी हाताशी सापडायचा नाही. मी तो बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवायची आणि आमचे मास्तर तो उचलून स्वयंपाकघराच्या पार टोकाला, खिडकीत नेऊन ठेवायचे. मग संध्याकाळभर शिकवणीची पोरं माझ्या पायात येत राहायची. "काकू, सरांना पाणी हवंय." एक गेला की दुसरी. गणिताच्या मास्तरांत एवढं पाणी प्यायलेला माणूस जगात दुसरा झाला नसेल. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, जग शेजारी ठेवा ना, पोरांना कशाला पळवता?" तर म्हणाले, "जग शेजारी ठेवला तर मग शिकवू कसं?"

त्याचं असं होतं. पोरगं गणित सोडवताना एखाद्या ओळीत चुकलं की हे "चूक" म्हणायचे नाहीत. कपाळाला आठीसुद्धा नाही. फक्त म्हणायचे, "जरा पाणी आण बरं." पोरगं उठायचं, स्वयंपाकघरापर्यंत यायचं, ग्लास भरायचं, सांडू नये म्हणून हळूहळू परत जायचं. तोवर डोकं निवलेलं असायचं. बसताना वहीकडे नजर गेली की चूक त्याची त्यालाच दिसायची. हे मात्र तहान असो नसो, ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवायचे.

ही विद्या त्यांना कॉलेजात मिळाली नव्हती. ते आधी लाकूड कापायच्या कारखान्यात होते, करवतीच्या यंत्रावर. तिथला म्हातारा मुकादम नव्या पोरांच्या मागे उभा असायचा. कुणाची फळी तिरकी सरकायला लागली तर तो शांतपणे म्हणायचा, "यंत्र थांबव आणि मला पाणी आण." करवतीवर हात असलेल्या माणसावर ओरडायचं नसतं, हा त्याचा नियम. तो निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला नवा मुकादम फाटक्या तोंडाचा. एक दिवस तो मागून ओरडला, हे दचकले आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. नोकरीही गेली. उरलं ते संध्याकाळच्या कॉलेजात शिकलेलं गणित आणि घशात कायमचा बसलेला लाकडाचा भुसा. त्यातून शिकवणी उभी राहिली. घसा सतत कोरडा, त्यामुळे पाणी मागण्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. आमच्या लेकीला तर नाहीच. बाबांना तहान फार लागते, एवढंच तिला ठाऊक. घरातल्या माणसाच्या सवयी आपण घरातल्या भिंतीसारख्या बघतो, म्हणजे बघतच नाही.

गावभरच्या पोरांना पाणी आणि पोटच्या पोरीला मात्र आग. हे मला आजही कळत नाही. लेक मोठ्या परीक्षेच्या वर्षात आली तेव्हा हे तिला शिकवायला बसले. दुसऱ्याचं पोर दहा वेळा चुकलं तरी हसणारा हा माणूस, हिची पहिली चूक झाली की याच्या मानेची शीर फुगायची. तिची खोड एकच होती. कंसाबाहेर वजा असला की ती तो आतल्या पहिल्या पदाला लावायची आणि दुसऱ्याला विसरायची. एका संध्याकाळी पुन्हा तेच झालं. "डोकं आहे का खोकं?" हे ओरडले. "बाहेरचा वजा दोघांनाही लागतो! माझ्या पोटी जन्मून तुला एवढंही येऊ नये?"

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. रडली नाही. "मला तुमच्याकडे शिकायचं नाही," म्हणाली आणि आत निघून गेली. त्यानंतर बापलेकीत बोलणं उरलं ते "जेवलात का" आणि "दार लावून घे" एवढंच. त्या रात्री हे आपल्या तुटलेल्या बोटांच्या खुंटांकडे बघत बसले होते. मी यांना चांगलं फैलावर घेणार होते, पण तेच म्हणाले, "अगं, मी तिची बोटं तोडली."

कोपऱ्यावरच्या इमारतीत एक बाई भाषेच्या शिकवण्या घ्यायच्या. एकट्या, यांच्यापेक्षा वयाने मोठ्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या, त्यामुळे आवाज साखरेचा आणि कान तिखट. एकदा ऐकलेलं वाक्य त्या तसंच्या तसं, त्याच सुरात परत म्हणून दाखवायच्या. दुसऱ्याच दिवशी हे त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "माझ्या मुलीला गणित शिकवाल का?"

"मास्तर, थट्टा करता का?" बाई म्हणाल्या. "मला बेरीज येते, तीही वाण्यापुरती."

"तेच बरं आहे. येत नाही म्हणून तुम्ही ओरडणार नाही. काय सांगायचं ते मी रोज दुपारी येऊन सांगेन. फक्त तिला कळू देऊ नका."

बाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "आमच्या कामात दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायचं आणि ऐकलेलं पोटात ठेवायचं, एवढंच असतं. जमेल मला."

लेकीला मी पाठवलं. "बाईंकडे जाऊन बघ, नाही पटलं तर सोड," म्हटलं. तिला पटलं. इतकं पटलं की घरी येऊन दुसरं बोलणंच नाही. बाई अशा आणि बाई तशा. बाई कधी रागावत नाहीत. बाईंना आपल्या मनातलं आधीच कळतं. "आई, शिकवणाऱ्या माणसांना तहान फार लागते का गं? बाईसुद्धा सारखं पाणी मागतात." मी भांडी घासत होते, तशीच घासत राहिले. बाईंचा जग आधी त्यांच्या उशाशी असायचा. यांनी तो मागच्या गॅलरीत न्यायला लावला होता.

एका दुपारी काही निरोप द्यायला मी बाईंकडे गेले. दार उघडंच होतं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडून माझी लेक बोलत होती. तोच लाडिक हेल, तीच घाई. "पण बाई, दुसऱ्याला वजा कशाला? त्याच्याजवळ तर वजा उभासुद्धा नाही!" समोर हे गुडघ्यावर हात ठेवून पुढे झुकलेले. चेहरा असा उजळलेला की मी तसा तो आमच्या लग्नातही बघितला नव्हता. "अगं पोरी, असं बघ," हे म्हणाले, त्यांच्याहून वयाने मोठ्या बाईला! "आईने दाराबाहेर उभं राहून ओरडा केला, तर घरातल्या एकालाच ऐकू जाईल का? आत असतील तेवढ्या सगळ्यांना ऐकू जाईल ना?" बाईंनी ते पुटपुटत पाठ केलं. संध्याकाळी लेक घरी येऊन मला म्हणाली, "आई, आज बाईंनी काय मस्त सांगितलं! कंसाबाहेरचा वजा म्हणजे तू!" मी खोटं खोटं चिडले. हे बाहेरच्या खोलीत शिकवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कान तिच्याकडे होते.

अशीच परीक्षा आली आणि पार पडली. निकाल लागला की सगळं सांगायचं, हे आधीच ठरलं होतं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाईंना बोलावलं, खुर्ची पुसून ठेवली. सकाळपासून आरशासमोर काहीतरी पुटपुटत होते. दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाला एक वाक्य पाठ होत नव्हतं.

लेक धावत आली. "बाबा! गणितात शाळेत पहिली!" आणि तिने जाऊन मिठी मारली ती बाईंना. "बाईंमुळे. घरातल्या माणसाला माझ्यात खोकं दिसलं. बाईंना डोकं दिसलं. त्या परक्या होत्या ना, त्यांनी माझ्यासाठी खोटं कशाला बोलायचं? म्हणून मला खरं वाटलं." ती टोचून बोलत नव्हती. आनंदात होती, आनंदात माणूस खरं बोलून जातो.

बाई तोंड उघडणार इतक्यात यांनी मान हलवली. नको. आणि लेकीला म्हणाले, "छान केलंस. बाईंना नमस्कार कर."

मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. "सांगा ना! आत्ता नाही तर कधी?"

"ती उभी राहिलीये ना," हे म्हणाले, "ती एका भिंतीला टेकून उभी राहिलीये. मी आता जाऊन सांगू, की ही भिंत खोटी आहे, मागे तुझा ओरडणारा बापच आहे? पडेल ती. माझी शपथ आहे तुला." शपथ घातली आणि वर ग्लासभर पाणी प्यायले. त्या दिवशी खरी तहान असावी.

लेक पुढे शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि तिथे तिने काय करावं? गणिताच्या शिकवण्या! खाण तशी माती, दुसरं काय. बाई मधल्या काळात वारल्या. तेव्हा लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "माझे गुरू गेले, आई." हे शेजारीच उभे होते. तिच्या पाठीवर ठेवायला यांनी हात उचलला आणि पुन्हा खिशात घातला.

मागच्या वर्षी ती यांना बघायला आली. खोकला वाढला होता, हे दिवसभर आरामखुर्चीत असायचे. शिकवण्याही एकदोनच उरल्या होत्या. बोलायला विषय नव्हता म्हणून लेक आपल्या शिकवणीबद्दल सांगायला लागली. "बाबा, तुम्हाला बाईंची एक युक्ती सांगते. मला पण फार उशिरा कळली. मूल चुकलं ना, की चूक म्हणायचंच नाही. म्हणायचं, जरा पाणी आण. जाऊन येईपर्यंत त्याला आपोआप दिसतं. तुमच्या पोरांवर करून बघा. पण जग लांब ठेवायचा हं!"

मी दारात उभी होते, हातात डाव तसाच. यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. शपथेची नजर होती ती, मी ओळखते.

"आणि तहान नसली तर?" यांनी विचारलं, अगदी नव्या विद्यार्थ्यासारखं.

"तरी प्यायचं. पूर्ण ग्लास. अर्धा ठेवला तर मुलाला संशय येतो, आपल्याला उगाच उठवलं म्हणून."

"बरोबर," हे म्हणाले. "करून बघतो."

ती गेल्यावर मी यांच्यावर बरसले. काय दगडाचे आहात का, म्हटलं. हे मात्र एकटेच हसत होते. "अगं, ग्लास संपवायचा हे मी बाईंना सांगायला विसरलो होतो. बाई घोटभर पिऊन ठेवून द्यायच्या. ते हिचं हिला कळलंय." मग डोळे पुसले आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली शिकवत असेल ती."

त्यानंतर हे फार दिवस राहिले नाहीत.

हे गेले आणि घर माणसांनी भरलं. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या. यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते, काहींचे केस पिकलेले. लेक सगळ्यांना पाणी देत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते. माझ्याजवळ आली की हळूच म्हणायची, "बघ ना, सगळ्यांना शिकवलं त्यांनी. मी सोडून सगळ्यांना." आल्यापासून तिचं हेच चाललं होतं. शपथ घालणारा गेला तरी शपथ माझ्या घशात अडकून बसली होती.

कोपऱ्यात एक जाडजूड बस ड्रायव्हर बसला होता. ट्रेमधला ग्लास उचलून तो त्याकडे बघत राहिला आणि भरल्या गळ्याने हसला. "सरांनी पाणी मागितलं की मी समजायचो, लेका, काशी झाली! कुठंतरी चुकलोय." बाकीचेही हसले. एक बाई म्हणाली, "मला एकाच गणितात इतक्यांदा उठवलं की शेवटी जग घेऊनच बसले मी. तर म्हणाले, जग आत ठेवून ये." सगळे हसता हसता डोळे पुसत होते.

लेकीच्या हातातला ट्रे थांबला. "कुणी?" तिने विचारलं. "कोण मागायचं पाणी?"

"सर. दुसरं कोण?"

तिने ट्रे ओट्यावर आणून ठेवला. चेहरा पांढराफटक. "आई, ही बाईंची पद्धत आहे."

शपथ मोडायला माझी जीभ लागलीच नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावर होतं ते सगळं वाचलं. खिडकीतल्या पाण्याच्या जगाकडे बघितलं. मग मटकन खाली बसली.

"तो वजा," ती म्हणाली. "दाराबाहेर ओरडणारी आई..."

"रोज दुपारी जायचे बाईंकडे."

"मी त्यांना शिकवलं, आई. त्या खुर्चीत बसवून त्यांचंच त्यांना शिकवलं. आणि ते बरोबर म्हणाले." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "एवढी वर्षं माझ्याशी एक शब्द नीट बोलले नाहीत ते. एक शब्द नाही!"

"बोलत होते गं," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी बोलत होते. तुला आवाज तेवढा बाईंचा ऐकू येत होता."

ती हमसून हमसून रडायला लागली. पेन्सिल ठेवून उठली त्या दिवशी रडायचं राहिलं होतं, तेही आत्ता बाहेर आलं असावं. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला माझ्या नवऱ्याचा असा राग आला, की समोर असता तर शेलक्या शब्दांत ऐकवलं असतं. पण ऐकायला तो होता कुठे?

बाहेरच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली, "ताई, जरा पाणी आणता का?"

लेकीने चटकन मान वर केली आणि दाराकडे बघत राहिली. तिला उठवेना. मग मीच उठले, खिडकीतला जग घेतला आणि पाणी नेऊन दिलं.