नावाचं पांघरूण

जामच्या चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात, आणि जिथं रस्ते भेटतात तिथं शहाणे लोकही भेटतात. एक नागपूरहून आलेला, एक चंद्रपूरला चाललेला आणि दहा कुठंच न चाललेले. त्या हिवाळ्यात या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, फाइल. नागपुरात अधिवेशन भरलं होतं. सभागृहात रोज त्या फाइलीवरून आरडाओरडा, सभात्याग, पुन्हा आरडाओरडा. मोतीलालच्या किराणा दुकानात टीव्ही होता. त्याच्यासमोर बसून लोक असे बोलायचे, जसं काही ती फाइल यांच्याच घरच्या माळ्यावर पडली आहे.

फाइल होती एका मुलींच्या वसतिगृहाची. आदिवासी पोरींसाठीचं वसतिगृह, सरकारी अनुदानावर चालणारं. पंधरा-सोळा वर्षांमागं तिथं पोरींवर अत्याचार झाले. बोभाटा झाला, चौकशी समिती बसली, पोरींचे जबाब झाले, आणि अहवाल कपाटात गेला तो गेलाच. जबाबात ज्या मोठ्या लोकांची नावं आली होती म्हणतात, ते मात्र मोठेच होत गेले. आता विरोधातले म्हणत होते, फाइल लोकांसमोर ठेवा. सत्तेतले म्हणत होते, त्या लेकींच्या इज्जतीचं काय? इतकी वर्षं त्या लेकी कुठं राहतात, काय खातात, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. पण कळवळा असा की पाहत राहावं!

मोतीलालच्या दुकानाला लागून मनकर्णाबाईची आलूबोंड्याची टपरी. मनकर्णाबाई वाढायची, तिची सून मयुरी तळायची. चौकातलं सगळं बोलणं मयुरीच्या कानावर पडे, आणि त्यातलं एकही अक्षर तिला नवीन नव्हतं. कारण त्या फाइलीत ती स्वतः होती.

हे चौकात कोणालाच माहीत नव्हतं. कसं असणार? फाइलीत मयुरी नावाची कोणी नव्हतीच. फाइलीत होती सखू, गिरडच्या पलीकडच्या डोंगरपायथ्याच्या नत्थू पंधरेची पोरगी. सहावीत शिकणारी सखू. समितीतल्या बाईंनी तिला जवळ बसवून सगळं विचारलं होतं, आणि तिनं सगळं सांगितलं होतं, कोण यायचं, कोणाच्या गाडीतून यायचं. बाई म्हणाल्या होत्या, बेटा, तुझं नाव बाहेर जाणार नाही आणि त्यांना सोडणार नाही. पहिलं खरं ठरलं. दुसऱ्याची ती इतकी वर्षं वाट पाहत होती.

सखूची मयुरी झाली ती लग्नात. नवरीचं नाव बदलायची चाल या गोंडांच्या घरांत मुळात नव्हती. नाव काय, जन्माला आलं ते मरेपर्यंत. पण मनकर्णाबाई हटून बसली. "शेजारच्या वाण्याच्या घरी बदलतेत, तेल्याच्या घरी बदलतेत, त माह्या सुनंचं काऊन नाई?" परातीत तांदूळ पसरून नवरदेवाकडून, म्हणजे आपल्या दुर्गेशकडून, तिनं त्यात नाव लिहून घेतलं. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. ही बाई वाण्यांच्या संगतीनं बिघडली, म्हणाले. मनकर्णाबाईनं कोणाला भीक घातली नाही. पोरीचा बाप नत्थू मात्र या बाबतीत एक शब्द बोलला नाही, तांदळाकडं पाहत नुसता उभा राहिला.

मयुरीला तर देव पावल्यासारखं झालं. सासरच्या हौसेनं तिला फुकटात दडायला जागा मिळाली, असं तिला वाटलं. पुढं सोनम झाली, ती आता पहिलीत जायला लागली. सखू मागं कुठं तरी राहिली. आणि आता ही फाइल.

"उघडाच म्हंतो मी!" धर्मेंद्र बोंड्याचा तुकडा तर्रीत बुडवत म्हणाला. हा विरोधातल्यांचा तरुण कार्यकर्ता. गळ्यात पंचा, खिशात दोन मोबाइल. "सगळं नावानिशी येऊ द्या. कोन कोन पोरी होत्या थेबी समजलं पाह्यजे. आपल्या तालुक्यातल्याबी असन ना!"

"असन त बम असन, ढीगभर," दुसरा हसला.

मयुरीच्या हातातला झारा तसाच राहिला. उद्या सोनमला शाळेत कोणी काही म्हटलं तर?

"ए धर्मेंद्र," मनकर्णाबाई कडाडली, "बोंडा खाचा त खा, भाषन द्याचं त मोतीलालच्या दुकानात जा! माह्या टपरीवर त्या पोरीईचं नाव काढाचं नाई."

धर्मेंद्रनं बुडवलेला तुकडा तोंडात टाकला. पण मयुरीच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतलं. ही पहिली वेळ नव्हती. फाइलीचा विषय निघाला की सासू अशीच उसळायची, नाव काढू नका. मयुरीनं त्याचा अर्थ लावला होता. सासूला त्या पोरींची किळस येते. आणि आपण तिच्याच ताटात जेवतो.

त्याच आठवड्यात बाबाराव आले. हे सत्तेतले, तालुक्यातलं वजनदार माणूस. पांढरे कपडे, आवाज कसा तुपात तळलेला. ग्रामसभा दोन दिवसांवर होती, आणि तिच्या आदल्या दिवशी बायकांची महिला सभा. बाबारावांच्या डोक्यात आलं होतं की महिला सभेनं ठराव करावा, लेकींच्या इज्जतीखातर फाइल उघडू नये. पुरुषांनी केला तर लोक संशय घेतात, बायकांनी केला तर सभागृहात फडकवता येतो. गोंडांची घरं असलेलं गाव, त्यातही महिलांचा ठराव! सोन्याहून पिवळं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची कला शिकावी तर बाबारावांकडून.

"मनकर्णामावशी, तुमी याच बरं," टपरीपाशी थांबून ते हात जोडून म्हणाले. "सूनबाईलेबी आना. लेकी-सुनांच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"येऊ ना," मनकर्णाबाई म्हणाली. "बोंड्याचे पैसे देऊन जा."

आता मयुरीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. ठराव झाला, फाइल बंद राहिली, की सखू कायमची गाडली गेली. सोनमला कोणी काही म्हणणार नाही, घर मोडणार नाही. एवढं सोपं होतं. नुसता एक हात वर करायचा. पण बटाटे सोलताना, कणीक मळताना, सोनमची वेणी घालताना तिला ती गाडी दिसायची, आणि त्या गाडीतून उतरणारा माणूस. तो आता टीव्हीवर दिसायचा, हार घातलेला. ठराव त्याच्यासाठी होता. आणि त्याच्या अंगावर घालायचं पांघरूण तिच्या अब्रूचं होतं! तिला इतका संताप आला की सोनमची वेणी तिनं दोनदा चुकवली.

महिला सभा समाजमंदिरात भरली. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलेलं, सतरंज्यांवर बायका, कोणाच्या मांडीवर लेकरू, कोणाच्या मांडीवर निवडायची भाजी. सरपंच शकुंतलाबाई खुर्चीवर. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून बाबाराव बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, बरोब्बर खिडकीला लागून. ग्रामसेवकाला तेवढं आत बसणं भागच होतं, लिहायला.

या गावात ठराव कसा होतो ते सांगायला हवं. ग्रामसेवक वाचतो, बायका आपसात बोलत असतात, त्याचा आवाज थांबला की सगळ्यांचे हात वर जातात. पाण्याच्या टाकीचा असो की नालीचा. काय वाचलं ते घरी जाताना एकमेकींना विचारतात. शकुंतलाबाई "मंजूर ना वं बायांनो?" म्हणते, तोवर हात खालीसुद्धा आलेले असतात. कोणी विरोध करत नाही, कारण विरोध केला तर ग्रामसेवक नाव लिहितो, आणि नाव लिहून घ्यायची हौस कोणाला?

त्या दिवशीही तसंच झालं. "...पीडित मुलींच्या इज्जतीचा विचार करून सदर फाइल उघड करू नये," ग्रामसेवकाचा आवाज थांबला आणि हात वर गेले. फक्त दोन खाली राहिले. मयुरीनं आपला खाली ठेवला होता, आणि तिच्या शेजारी बसलेली मनकर्णाबाई मांडीवरच्या वालाच्या शेंगा निवडत होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथं हात न दाखवूनच झालं. शकुंतलाबाईचं लक्ष गेलं.

"काऊन वं मयुरी? हात दुखून राह्यला का?"

बायका हसल्या. मयुरी उभी राहिली.

"त्या पोरीईले कोनं इचारलं का, बाई?"

"कोन्या पोरीईले?"

"ज्याईच्या इज्जतीसाठी हे लिहून राह्यले त्याईले."

शकुंतलाबाई बाई वाईट नव्हती. ती खरंच विचारात पडली. "आता त्या कुठून आनाच्या वं? किती वर्सं झाली. कुठं कुठं लगन होऊन गेल्या असतीन."

खिडकीतून बाबारावांचा आवाज आला, "सूनबाई, त्याईचं आयुष्य बरबाद होईन हो! आमाले त्याईचीच काळजी हाय."

"तुमी बाहेर बसा, बाबाराव," मनकर्णाबाई शेंगांवरून मान वर न करता म्हणाली. "बायाईची सभा हाय."

मयुरीनं एकदा सासूकडं पाहिलं. वाटलं, आता या क्षणानंतर ही आपल्या हातचं पाणी पिणार नाही. मग ती बोलली, आणि आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा बराच शांत निघाला.

"त्या पोरीईची नावं झाका, जरूर झाका. पन त्या मान्साईची काऊन झाकता? झाकाचं थे चौकात उघडून राह्यले, उघडाचं थे झाकून राह्यले. माह्यावाल्या इज्जतीचं पांघरून मी त्याईच्या अंगावर नाई घालू देनार. माह्या विरोध लिहा."

तिनं 'माह्यावाल्या' म्हटलं ते बायकांच्या एकदम ध्यानात आलं नाही. ग्रामसेवकाच्याही नाही. त्यानं पेन उघडलं.

"मयुरी दुर्गेश सयाम. लिहू?"

"नाई," ती म्हणाली. "सखू नत्थू पंधरे लिहा. त्या फाइलीत थेच नाव हाय."

कोणाच्या तरी मांडीवरचं लेकरू तेवढं बोलत होतं. शकुंतलाबाईनं तोंडावर पदर घेतला. ग्रामसेवक बिचारा मान खाली घालून कागदाकडं पाहत बसला. पेन हातात, पण हात काही उठेना. लिहावं की न लिहावं?

मनकर्णाबाईनं शेंगा ओटीतून सतरंजीवर ओतल्या, गुडघ्यावर हात देऊन उठली, आणि सुनेच्या बाजूला उभी राहिली.

"लिही ना बाप्पा, काय पाहून राह्यला? पंधऱ्याची सखू. मले मालूम हाय नाव. मीनंच बदललं होतं." मग खिडकीकडं वळून, जरा मोठ्यानं, "अन् तिच्या खाली माह्यं लिही. मनकर्णा सयाम. विरोध."

सगळ्यात मागं बसलेल्या एका म्हातारीनं हात वर केला. मग तिच्या पुढचीनं. या वेळी काय म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. हात हळूहळू वर गेले, पण खाली लवकर आले नाहीत. शकुंतलाबाईनं जुना ठराव खोडायला लावला आणि नवा सांगितला. पोरींची नावं झाकून फाइल उघडावी, एकाही माणसाचं नाव झाकू नये. व्हरांड्यातली खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

दोघी पायीच परतत होत्या. दोन्ही बाजूंनी कापूस वेचून झालेली शेतं होती. मयुरीनं विचारलं.

"आत्याबाई, तुमाले कवापासून मालूम होतं?"

"लग्नाच्या आंधीपासून. तुया बाप आलता, मोहाच्या झाडाखाली बसलो आमी. म्हने, बाई, मी लपवून पोरगी देनार नाई. सगळं सांगतलं, अन् लय रडला." मनकर्णाबाईनं पदरानं नाक पुसलं. "मी म्हनलं, तुमी नका लपवू. मी लपवून ठेवतो."

मयुरी थांबली. मांडवातले ते तांदूळ तिच्या डोळ्यांपुढं आले, आणि नाकं मुरडणारे म्हातारे, आणि एक शब्द न बोललेला बाप.

"अन् यायले?" तिनं हळूच विचारलं. दुर्गेशचं नाव ती अजून घेत नसे.

"थे तांदुळात नाव कोनं लिह्यलं होतं मंग?"

मयुरी तिथंच बांधावर बसून रडली. इतक्या वर्षांचं रडली. मनकर्णाबाईनं तिला रडू दिलं, शेजारी उभी राहून गोळा करून आणलेल्या वालाच्या शेंगा ओटीत नीट करत राहिली. मग म्हणाली, "ऊठ आता, सखू. तेल तापाले टाकाचं हाय."