वस्तादांनी बसवलेलं झाकण

मित्रांनो, गुरांच्या दवाखान्यामागे पत्र्याच्या शेडखाली जी निळी मोटार दिसते ना, ती मी. माझा रंग उडाला आहे, उजवं दार जरा उचलून लावावं लागतं, आणि गारठ्यात चोक ओढल्याशिवाय मी हूं की चूं करत नाही. पण मी भंगार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दोन वर्षं सगळे मला भंगारच समजत होते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या काचेवर खडूने एक आकडा लिहिलेला होता. तो डॉक्टरीणबाईंनी आपल्या रुमालाने पुसला. त्या तेव्हा नुकत्याच गुरांच्या डॉक्टर झाल्या होत्या. त्यांनी माझी मागची बैठक काढून तिथे औषधांची पेटी, दोरखंड आणि रबरी बूट ठेवले. पुढची अठरा वर्षं आम्ही दोघींनी मिळून गोठे पालथे घातले. माझा आवाज लांबून ओळखू यायचा. लोक म्हणायचे, "आली निळी! आता घोर नाही."

माझी देखभाल गॅरेजवाले वस्ताद करायचे. पान्याचं टोक इंजिनावर आणि दुसरं टोक कानाला लावून ते माझी कुरकुर ऐकायचे. लेकराचं नाक साफ करावं तसा माझा कार्बोरेटर पुसायचे. "ही माझी थोरली लेक," असं गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यांच्या हाताखाली मी निर्धास्त असायची.

एकदा त्यांनी गंज काढायला माझी टाकी उतरवली. त्या गडबडीत टाकीचं झाकण घरंगळत गटारात गेलं. तारेने खूप ढवळलं, पण ते मिळालं नाही. मग त्यांनी एका मोडक्या गाडीचं झाकण आणून बसवलं. "बसतंय की झक्क!" म्हणाले, आणि कुणाला काही बोलले नाहीत.

मित्रांनो, माझ्या जुन्या झाकणाला सुईएवढं भोक होतं. पेट्रोल जसं कमी होतं, तशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. नाहीतर पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल पुढे सरकत नाही. नव्या झाकणाला भोक नव्हतं. माझा श्वासच कोंडला.

चारच दिवसांनी गारठ्याच्या सकाळी निरोप आला, की टेकडीवरच्या मावशींची गाय अडली आहे. आम्ही निघालो. अर्ध्या तासाने चढावर मला ठसके लागले आणि मी थांबले. बाईंनी चोक ओढला, प्लग काढून पुसला, पाणी बघितलं. पंधरा-वीस मिनिटांनी कुठूनतरी थोडी हवा झिरपली असावी, मी पुन्हा सुरू झाले. पुढे परत तेच. शेवटी बाई पेटी उचलून धावत गेल्या. वासरू वाचलं, पण गाय गेली.

मावशी पायीच बाईंसोबत माझ्यापर्यंत आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या निळीने दगा दिला हो, बाई."

वस्तादांनी सगळं तपासलं. ठिणगी बघितली, गाळणी बदलली, कार्बोरेटरची बारीक भोकं फुंकून साफ केली. त्यांच्या अंगणात मी दहा मिनिटं बिनतक्रार चालायची, म्हणून त्यांना काही सापडेना. अखेर चारचौघांत ते म्हणाले, "इंजिनात दमच राहिला नाही."

इथवर मी त्यांना दोष देत नाही. पण आठ दिवसांनी ते एकटेच मला घेऊन लांब गेले. मी बंद पडले. पेट्रोल बघायला त्यांनी झाकण उघडलं आणि फुस्स करून हवा आत गेली. लगेच मी सुरू झाले. वस्ताद झाकण हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. मला वाटलं, आता हे सांगतील. माझ्यावरचा आळ जाईल.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तेच झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"बाई, हिला आता विश्रांती द्या," त्यांनी सांगितलं. बाईंनी ऐकलं. अठरा वर्षांच्या सोबतिणीबद्दल त्यांनी आणखी एक प्रश्नही विचारला नाही, हे मला फार लागलं. मी शेडमध्ये आले. माझ्या टपावर पेंडीची पोती चढली. वस्ताद बाईंच्या नव्या पांढऱ्या गाडीसाठी येत, तेव्हा माझ्याकडे पाठ करून उभे राहत.

दोन वर्षांनी बाईंची धाकटी बहीण राहायला आली. ती शिवणयंत्रं दुरुस्त करते.

"ताई, बंद पडल्यावर ही परत कधी सुरू व्हायची?"

"पंधरा-वीस मिनिटांनी. तापत असेल."

"अगं, त्या दिवशी तर गारठा होता म्हणालीस. मग ही निवायची वाट बघत नव्हती. दुसऱ्याच कशाची तरी बघत होती."

तिने शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं, बॅटरी बदलली, आणि बाईंना शेजारी बसवून मला रस्त्यावर काढलं. अर्ध्या तासाने मी थांबले. तिने कार्बोरेटर उघडला, तर तो कोरडा. टाकी मात्र भरलेली. तिने झाकण फिरवलं. फुस्स!

"ताई, हिचा जीव गुदमरत होता गं!"

बाईंनी वस्तादांना बोलावलं. बाईंच्या हातातलं झाकण बघताच वस्तादांची मान खाली गेली.

"मला कळलं होतं, बाई. आठच दिवसांत."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत बोलून बसलो होतो. वर गाईचं पाप माझ्या माथी आलं असतं."

"म्हणून हिच्या माथी मारलंत?" बाईंनी माझं दार उघडलं. "बसा गाडीत. मावशींना तुम्हीच सांगायचं."

निघण्याआधी धाकटीने झाकणाला सुईएवढं भोक पाडलं. त्या चढावरून मी एका दमात गेले. वस्तादांनी मावशींसमोर सगळं कबूल केलं.  मावशी म्हणाल्या, "गाय काय परत येत नाही. पण दोन वर्षं मी या मुक्या गाडीला शिव्या घातल्या, त्या तुम्ही ऐकून घेतल्यात ना?"

 परत येताना वस्ताद गाडीत बसले नाहीत, चालत उतरले.

आता मी पुन्हा जवळच्या गोठ्यांवर जाते. बाई दर आठवड्याला माझं सगळं स्वतः बघतात. मध्यंतरी वस्ताद आले होते. त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला. पूर्वी त्या हाताने मला धीर यायचा. या वेळी तो कधी उचलतात, एवढंच मला वाटत होतं.

मित्रांनो, तुमच्या हातून चूक झाली तर ती त्याच दिवशी सांगा. दुरुस्तीत चुका होतच असतात, त्यांचं आम्हाला वाईट वाटत नाही. पण आमच्यावर आळ आला, तर तो नाकारायला आम्हाला तोंड नसतं. ते तुम्हाला आहे.