आचाऱ्याच्या लेकीचा पहिला डोस

दोनशे माणसांचा स्वयंपाक हसत उरकणाऱ्या कँटीनच्या आचाऱ्याला चमचाभर औषधाने घाम फोडला होता. पावणेदोन वर्षांच्या लेकीला कालपासून फ्लूचा ताप होता, आणि हा सकाळपासून बाटलीभोवती घिरट्या घालत होता.

"उलटी झाली तर?"

"होऊ शकते, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या," बायको वैतागली. "पण एवढ्या लहान पोरांना फ्लू जड जातो, दोन दिवसांच्या आत दिलं तर फायदा जास्त, हेही त्याच म्हणाल्या. आता बास कर तुझं!"

झालं, ठरलं. त्याने औषध काटेकोर मोजलं, डॉक्टरीणबाईंना विचारून चॉकलेटच्या पाकात कालवलं, चमचा उचलला आणि वीस वर्षांच्या सवयीने स्वतःच चाखला. चाखला कसला, गिळलाच! त्याचं तोंड असं वाकडं झालं की कालपासून मलूल पडलेली लेक खदखदून हसली.

बायकोने कपाळावर हात मारला, नवऱ्याला हाताची घडी घालून उभं केलं आणि दुसरा डोस कालवला.

"मला! मला!" लेक आ वासून तयारच होती. तिने चमचा चाटूनपुसून साफ केला, बापासारखे डोळे मिटले आणि रोज त्याच्या तोंडून ऐकलेला निकाल दिला:

"मीठ कमी."