न मागता दिलेलं

वच्छलाला आता एकच गोष्ट हवी होती, उभं राहायचं नव्हतं. बावीस वर्षं ती सर्जन प्रभुलिंग सरांच्या ओटीत, ऑपरेशनच्या टेबलापाशी, त्यांच्या समोर उभी राहिली होती. पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या, आणि मोहोळहून येताना एसटीत जागा मिळाली नाही की तिला अक्षरशः रडू येई. सरांनी शब्द दिला होता. नव्या पोरीनं एक आख्खं ऑपरेशन तुझ्याशिवाय काढलं, की तू मोकळी.

नवी पोरगी म्हणजे उत्कर्षा, ओटी असिस्टंटचा डिप्लोमा झालेली. वच्छलाकडे असा कागदबिगद काही नव्हता, तिचं सगळं शिक्षण या टेबलापाशीच झालेलं. आधी सहा महिने नुसती अवजारं धुतली, मग ट्रे लावला, मग जखम ताणून धरायला शिकली. पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं, मला नाव घ्यायला लागलं तर तू काही शिकली नाहीस. तेव्हापासून या ओटीत अवजाराचं नाव कुणी घेत नसे. सर हात पुढं करत, वच्छला जखमेत बघून हवं ते हातात ठेवी. बाहेरगावचे डॉक्टर आले की सर हे कौतुकानं दाखवत आणि वच्छलाही, खोटं कशाला बोला, पुढं चार दिवस हवेत असे.

उत्कर्षाला कॉलेजात नेमकं उलटं शिकवलेलं. डॉक्टरांनी नाव घ्यायचं, आपण तेच मोठ्यानं म्हणायचं आणि मग द्यायचं. अंदाजानं काही द्यायचं नाही. वच्छलानं पंधरा दिवस डोकेफोड केली, पण पोरगी आपली तेच धरून बसलेली. पुस्तकी कार्टी, हिच्यामुळं माझी सुटका लांबणार, असं वच्छला मनातल्या मनात करवादायची.

त्या सकाळी अपेंडिक्सची केस होती. पेशंट एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणारा, तिशीतला. केस साधी, म्हणून आज उत्कर्षाची परीक्षा. वच्छला हातमोजे न घालता लांब भिंतीला टेकून उभी राहिली. पोट उघडेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग सरांनी हात पुढं केला.

"काय देऊ, सर?" उत्कर्षानं विचारलं.

सर म्हणाले, दे की. तिनं पुन्हा विचारलं. सर म्हणाले, ते गं, धरायचं ते. धरायची चार अवजारं ट्रेमध्ये होती, म्हणून पोरीनं तिसऱ्यांदा विचारलं, अगदी नम्रपणे. सरांचा हात तसाच राहिला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मोबाइलवरून मान वर केली.

"बॅबकॉक," वच्छला मागून म्हणाली.

सर हट्टाला पेटलेत, असंच तिला आधी वाटलं. पण पुढच्या वेळी हात पुढं करताना सर थेट तिच्याकडे बघत होते. मास्कच्या वरचे ते डोळे तिनं रागावलेले पाहिले होते, हसणारेही पाहिले होते. विचारणारे कधी पाहिले नव्हते. तिनं आर्टरी सांगितली, रक्तवाहिनी पकडायची. ती हातात आल्यावर सर सराईतपणे काम करू लागले, मग थांबले आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. वच्छलाला आता कळलं. सरांना नावं तर आठवत नव्हतीच, पण हातात काय येतंय त्यावरूनच ते पुढं काय करायचं ते ओळखत होते.

शेवटचा टाका पडेपर्यंत ती एकेक नाव सांगत राहिली आणि सगळं नीट पार पडलं. सांगता सांगता तिला मागचं वर्ष आठवत होतं. गरज धाग्याची असताना सरांची बोटं कात्रीसाठी हलायची आणि ती न बोलता धागा ठेवायची. दमलेत बिचारे, एवढंच म्हणायची. असं किती वेळा झालं असेल, किती पोटं, याचा तिला हिशेब लागेना. तिला स्वतःची लाज वाटली, भीतीही वाटली.

कपडे बदलायच्या खोलीत सर स्टुलावर बसले होते. पोरगी अजून कच्ची आहे, तू सहा महिने थांब, असं म्हणाले. सवयीनं 'बरं' तिच्या ओठांवर आलंच होतं.

"पोरगी कच्ची न्हाय, सर," ती म्हणाली. "ती बरोबरच विचारत होती."

सर जमिनीकडे बघत म्हणाले,

"तू असलीस की चालतंय की गं."

"व्हय. म्हणूनच थांबत न्हाय मी."

उद्याच्या हर्नियासाठी टेंभुर्णीचा एक पेशंट खाली भरती होता. त्याच्या माणसांना दुसरा सर्जन बघायला सांगावं लागेल, असं ती म्हणाली. सरांनी मान वर केली नाही. तूच सांग, मला जमायचं नाही, एवढंच ते पुटपुटले.

सुटले एकदाची, असं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. ती कठड्याला धरत जिना उतरली. टेंभुर्णीच्या पेशंटची बायको बाकावर सरकली आणि तिला बसायला जागा करून दिली. वच्छला उभ्यानंच बोलली, कारण बसली असती तर सांगणं झालं नसतं.