चष्मा घरी राहिला

"आता हे कार्ड बघा. माझं सगळ्यात आवडतं," भाची माइकवर म्हणाली आणि पडद्यावर एकेचाळीस नंबरचं कार्ड उघडलं.

सभागृहाच्या मागच्या भिंतीला, चहाच्या थर्मासजवळ उभ्या असलेल्या तिच्या मावशीने, दवाखान्याच्या खिडकीवालीने, स्वतःचं अक्षर ओळखलं. एवढं मोठं अक्षर तिने जन्मात काढलं नव्हतं. एकेक काना हातभर लांब झाला होता.

भाची वाचू लागली. "'वाचता येत नाही. कधीही विचारू नये. कागद पुढे केला की चष्मा घरी राहिला म्हणेल. आपण म्हणावं, असू दे, मीच वाचते, तुम्ही फक्त चुका काढा. आत स्टुलावर बसवावं. दार लोटून घ्यावं. समितीचे कागद असतील तर दोनदा वाचावेत. दुसऱ्या खेपेला ती चूक हमखास पकडते.' बघा, किती संवेदनशील संवाद आहे हा!"

मुख्य कार्यालयातून आलेले साहेब वहीत काहीतरी टिपून घेत होते. दवाखान्याच्या समितीचे कागद चाळायला येणारी म्हातारी वस्तीत एकच होती, आणि ती, माई, पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसली होती. तिच्याकडे एकही मान वळली नाही. मान न वळवायला किती मेहनत पडते, ते चाळीस जणांच्या पाठींवरून दिसत होतं.

माईने मांडीवरची पिशवी उघडली. चष्म्याचं घर काढलं. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, वाचणारा माणूस पाहतो तसं.

खिडकीवालीच्या हातातला कप थर्मासखाली तसाच राहिला. चहा बोटांवर आला तेव्हा तिने नळ बंद केला.

*

दवाखाना वस्तीचा होता. या जमिनीवर सगळ्यांच्या आधीपासून राहत आलेल्या लोकांनी भांडून मिळवलेला, आणि स्वतःचीच समिती नेमून चालवलेला. डॉक्टर बाहेरून येत आणि दोन-तीन वर्षांत बदलून जात. नोंदणीच्या खिडकीमागे मात्र तेवीस वर्षं एकच बाई होती. तिचं नाव पगारपत्रकावर होतं, तोंडी कुणाच्याच नव्हतं. सगळे तिला खिडकीवाली म्हणत. सुट्टीच्या दिवशी रस्त्यात भेटली तरी खिडकीवालीच.

कार्डांची सुरुवात एका डॉक्टरच्या वैतागातून झाली. "तुमच्या लोकांना काही विचारलं की सगळे 'बरंय' म्हणतात. मग आलेत कशाला?" तो म्हणाला होता. वस्तीची बोली एक, दवाखान्याच्या कागदांची भाषा दुसरी, आणि मध्ये हा खिडकीचा चौकोन. तेव्हापासून ती जाड पुठ्ठ्याची कार्डं कापून, कुणाशी कसं बोलायचं ते त्यांवर लिहून बुटाच्या खोक्यात ठेवायला लागली. नावं लिहिली नाहीत, नुसते नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते तिच्या डोक्यात.

'दुखतं का विचारलं तर नाही म्हणेल. जिना चढताना किती वेळा थांबता, ते विचारा.'

'डाव्या कानाने ऐकू येतं. उजवा कान बायकोसाठी बंद.'

'दोन तास आधी येऊन बसतो आणि उशीर झाला म्हणून भांडतो. त्याला दोन तास पुढची वेळ द्यावी.'

'फोन सुनेने उचलला तर गोळ्यांचं बोलू नये. बी-बियाणं आलंय म्हणावं. सासूला कळतं.'

हा खोका म्हणजे दवाखान्यातलं सगळ्यात नीट चालणारं यंत्र होतं. रक्तदाब मोजायचं मशीन वर्षातून दोनदा मान टाकायचं, खोका कधीच नाही.

आणि एकेचाळीस म्हणजे माई. पन्नास वर्षं वस्तीतली बाळंतपणं केलेली, खिडकीवालीला आणि नंतर तिच्या भाचीलाही पहिल्यांदा हातात घेतलेली. समितीची अध्यक्ष. सही झोकदार करायची, शेवटी खाली एक रेघ ओढून. पण तिला तेवढंच यायचं. पहिल्या वर्षी तिने कागद हातात घेतला, उलटसुलट न करता तसाच परत दिला आणि म्हणाली, "चष्मा घरी राहिला गं." खिडकीवाली म्हणाली, "असू दे, मीच वाचते." त्यावर दोघींमध्ये आणखी काही बोलणं झालं नाही, तेवीस वर्षांत नाही. माई आत येऊन स्टुलावर बसायची, भिंतीला डोकं टेकायची, डोळे अर्धवट मिटायची. एकदा मुख्य कार्यालयाने बावीस पानांच्या मजकुरात रविवारची रुग्णगाडी गुपचूप बंद करून टाकली होती. डॉक्टरने वाचलं, सचिवाने वाचलं, कुणाला दिसलं नाही. माईने डोळे पूर्ण उघडले. "ते सोळावं पान परत वाच. रविवारी आमच्या बायका बाळंत होणार नाहीत, असं कुणी ठरवलं?"

गाडी राहिली.

*

मग 'क्षमताबांधणी'चा कार्यक्रम आला. हा शब्द ऐकून वस्तीतले दोन गवंडी काम आहे का म्हणून विचारून गेले. कार्यक्रमाची समन्वयक म्हणून भाचीची नेमणूक झाली तेव्हा खिडकीवालीने सगळ्या रांगेला पेढा वाटावा तसं सांगितलं. बहिणीची मुलगी, तिनेच खिडकीशी बसवून फायली लावायला शिकवलेली. शहरात शिकून आली, आता केबिनमध्ये बसणार.

"मावशी, तुझा खोका दोन दिवस देशील?" भाचीने विचारलं होतं. "फक्त बघायला. नवीन मुलींना शिकवायचंय."

खिडकीवालीने खोका दिला. देण्याआधी एक कार्ड काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं.

सभागृहातून परतल्यावर ती थेट केबिनमध्ये गेली. टेबलावर छापील पुस्तिकांचा गठ्ठा होता. मुखपृष्ठावर तिच्या खोक्याचा फोटो, खाली 'संकल्पना व संकलन' म्हणून भाचीचं नाव.

"एकेचाळीस मी खोक्यात ठेवलं नव्हतं," ती म्हणाली.

"ड्रॉवरमध्ये होतं." भाचीने मान वर केली. चेहऱ्यावर अजून टाळ्यांची लाली होती. "किल्ली फोनखाली असते, तूच दाखवलीस ना मला. मावशी, सगळ्यात सुंदर तेच लिहिलंयस तू. ते सोडून कसं चाललं असतं?"

"कुलपात ठेवलं होतं गं मी."

"पण नावं कुठे आहेत? मी दहादा तपासलंय, एकही नाव नाही."

"वस्तीत दुखरे गुडघे दोनशे असतील. समितीचे कागद वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्या किती आहेत?"

भाचीने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"मला वाटलं सगळ्यांना माहीतच असेल," ती शेवटी म्हणाली.

"माहीत असणं वेगळं. तू माइकवर वाचलंस." खिडकीवालीचा आवाज चढला नाही, तेवीस वर्षं खिडकीमागे बसून तो चढेनासाच झाला होता. "तुला बाहेर ओढलं ना, तेव्हा तू रडत नव्हतीस. उलटी धरून पाठीवर थापटलं होतं माईने. तुझी आई सांगते अजून."

"आता हे मध्येच कशाला आणतेस?"

"मध्येच नाही. तिथूनच सुरू होतंय."

*

माई नऊ दिवस आली नाही. खिडकीवाली दोनदा तिच्या दारावर जाऊन आली. दोन्ही वेळा शेजारीण म्हणाली, आत्ताच बाहेर पडली. दोन्ही वेळा आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

वस्तीतले लोक खिडकीशी येत, विचारलं तेवढ्याचंच मोजून उत्तर देत. जिना चढणारा म्हातारा म्हणाला, "लिहून घ्या, अजिबात थांबत नाही मी. छापा." बी-बियाण्याचा निरोप घेणाऱ्या सुनेने सासूला दुसऱ्या दवाखान्यात न्यायचं काढलं. खिडकीवालीने कुणालाच सांगितलं नाही की पुस्तिका तिने काढली नव्हती. अक्षर तिचंच होतं.

दहाव्या दिवशी भाचीने तिच्यासमोर कागद ठेवले. पाच पानं. "माईची सही हवीय. तू वाचून दाखव तिला, तुझं ऐकते ती."

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, यापुढे अध्यक्षपदावरील व्यक्तीला कार्यालयीन भाषेत लिहिता-वाचता येणं आवश्यक राहील. विद्यमान अध्यक्षांची यास संमती असून त्या पद सोडत आहेत.

"हे तू लिहिलंस?"

"साहेबांनी पाठवलंय. मी फक्त टाइप केलं." भाची दाराकडे बघत म्हणाली. "तिला मानद सल्लागार करणार आहेत. खुर्ची पहिल्या रांगेतच राहील."

निरोप गेला. माई सकाळी अकराला आली. चष्मा लावूनच आली होती, आणि खिडकीच्या बाहेर उभी राहिली.

"ये ना आत, माई. स्टूल ठेवलंय."

"इथेच बरी आहे. काय सही हवीय ती दे."

"मी वाचते, तू ऐक. थोडी गडबड आहे यात, तिसऱ्या पानावर—"

माईने तळहात वर केला. बाळंतिणीच्या खोलीत घुसणाऱ्या नवऱ्यांना ती जसा दाखवायची, तसा. "चष्मा आहे माझ्याकडे."

"माई, मी नाही गं दिलं ते कार्ड. मी कुलपात—"

"लिहिलं कुणी?"

खिडकीवालीची नजर कागदांवर खाली गेली.

"मी तुला कधी सांगितलं होतं, लिही म्हणून?" माईने विचारलं. रागाने नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं. मग खिडकीतून हात घालून तिने कागद ओढून घेतले.

समोरच्या बाकावर रांगेतले सहा-सात जण बसले होते. ते सरकले. माई मध्ये बसली. पहिलं पान तिने जवळ धरलं आणि वाचलं. नजर ओळीवरून सरकत होती, शेवटाला पोचली की पुन्हा डावीकडे येत होती. तेवीस वर्षं शेजारी बसून खिडकीवालीच्या डोळ्यांकडे तिने पाहिलं होतं, त्याच वेगाने. पान उलटलं. दुसरं. तिसऱ्यावर तिने जरा जास्त वेळ लावला आणि खिडकीवाली खुर्चीतून अर्धी उठली. माईने मान हलवली, जणू पटलं, आणि चौथं पान घेतलं.

ओरडून सांगता आलं असतं, त्या सहा-सात जणांसमोर. खिडकीवालीने काचेवर हात ठेवला आणि काढून घेतला.

माईने सही केली. झोकदार, खाली रेघ. कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

"चुका नाहीत," ती म्हणाली आणि निघाली. पायऱ्या उतरताना तिला चष्मा काढावा लागला. तो कुणाचा होता कोण जाणे, पण तिच्या नंबरचा नसावा.

दुपारी भाची कागद न्यायला आली. शेवटचं पान बघून तिने सुस्कारा सोडला. "झाली बाई एकदाची. कशी तयार झाली? तू वाचून दाखवलंस ना नीट?"

"नाही."

"मग?"

"तिने स्वतः वाचलं. पाचही पानं."

"मावशी, काहीतरीच काय. अगं, तिला तर—"

"काय तिला?" खिडकीवालीने विचारलं.

रांगेतली माणसं ऐकत होती. भाचीने रांगेकडे पाहिलं, कागद उचलले, कडा जुळवल्या आणि केबिनकडे गेली.

"पुढचा नंबर," खिडकीवाली म्हणाली. आत तिच्या उजव्या हाताला स्टूल होतं. डोकं टेकून ऐकणाऱ्या माणसाला सोयीचं पडावं म्हणून भिंतीला लावून ठेवलेलं, आणि त्याच्या वर रंगाला पडलेला एक तेलकट गोल डाग.