पावसाच्या बाजूच्या फळ्या

आमच्या आईला 'हे करू नको' म्हटले की ती कारण विचारी, आणि कारण पटले नाही तर मुद्दाम करी. हे मला पन्नास वर्षे ठाऊक होते. तरी मी शहाणपणा केला.

सन १९३८. केशवापुरातल्या घराची पश्चिमेकडची भिंत पावसापासून वाचावी म्हणून आधीच्या मालकाने तिच्यावर बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या. त्या काढून विटा चढवायच्या होत्या. अळणावरचा सुतार महादेव फळ्या उचकटून पडवीत रचत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, ह्या चुलीत जाऊ देऊ नका. वाळवी लागू नये म्हणून सोमल पाजलाय ह्यांना. जाळलं की लसणीवाणी वास येतो, माणूस मरतंय."

पण माझी मुलगी कमल सात दिवसांची बाळंतीण होती, आणि बाळंतिणीच्या घरात विषाचे नाव काढायचे नाही, हा आईचाच दंडक. म्हणून मी वकिली केली. "फळ्यांना हात लावू नको, गिऱ्हाईक ठरलंय," एवढेच आईला सांगून धारवाडला कोर्टात गेलो.

त्या दिवशी बाळंतिणीच्या शेगडीचे कोळसे संपले. बाकीचे जळण ओले होते. गिऱ्हाइकाच्या लाकडापायी पणतवाला गारठू देणारी आई ती नव्हे.

संध्याकाळी परतलो तर घरभर लसणीचा वास. आमच्या वैष्णव घरात लसूण येत नाही. बाळंतिणीसाठी आईने मुभा दिली असेल, असे क्षणभर वाटले, आणि मग मी बाळंतिणीच्या खोलीकडे धावलो.

कमलला आणि बाळाला पुढच्या सोप्यात आणले. डॉक्टर आले. बाळ फार उशिरा दूध ओढू लागले, तेव्हा मी सर्वांदेखत रडलो.

या धावपळीत आईकडे कोणी पाहिले नाही. दिवसभर फुंकणी घेऊन शेगडीपुढे तीच बसली होती. "जरा मळमळतंय, एवढंच," म्हणत ती भिंतीला टेकली होती.

तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "काय होतं रे त्या लाकडात?"

"सोमल."

"मग सांगायचं की. मी काय वेडी आहे जाळायला?" तिने सोप्याकडे नजर टाकली. मग म्हणाली, "कमलला कळू देऊ नको हं. ओली बाळंतीण आहे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. बारसे लांबले. आजी कशाने गेली, असे कमलने विचारले, तेव्हा मी म्हणालो, वय झाले होते.