वर्णानुक्रमातलं मीठ

दिगंबरराव हळदीचा डबा घेऊन स्टुलावर चढले होते, तेवढ्यात वरद आत आला.

"बाबा, उतरा आधी. हळद इतक्या वर कशाला?"

"ह शेवटी येतो."

पत्नीचं, श्यामलाबाईंचं, मनगट मोडल्यापासून स्वयंपाकघर दिगंबररावांच्या ताब्यात होतं. जन्म सरकारी दप्तरखान्यात गेलेला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळे डबे वर्णानुक्रमे लावून टाकले. अळीव हाताशी, मीठ-मोहरी पार वरच्या फळीवर. स्वतःवर ते बेहद्द खूश होते.

"हा अनागोंदी कारभार पुरे," वरद म्हणाला. "पडलात तर दोघंही प्लास्टरमध्ये. आईचा हात बरा होईपर्यंत वाघोलीला चला माझ्याकडे. आजच."

दिगंबरराव स्टुलावरून उतरले. वाघोलीत बाराव्या मजल्यावर बसून करायचं काय? इथे कर्वेनगरात आत्ता कुठे हात बसू लागला होता.

"अनागोंदी? इतकं शिस्तीत लावलंय मी," ते दुखावून म्हणाले.

"शब्द बरोबर आहे हो त्याचा," श्यामलाबाई खुर्चीतून म्हणाल्या. शाळेत मराठी शिकवणं संपलं तरी खोड गेली नव्हती. "कर्नाटकात आनेगुंदी गाव आहे, त्यावरून आला. आने म्हणजे हत्ती, गुंदी म्हणजे खळगा. विजयनगरचं राज्य बुडालं तरी तिथले राजे म्हणे थाटात गावं इनाम द्यायचे. गावं दुसऱ्यांची, खजिना रिकामा. आणि घेणारे मुजरा करून ती इनामं घ्यायचे."

"बघा," वरद म्हणाला.

"आधी जेवू या. मग ठरवू," दिगंबरराव म्हणाले.

आमटीभाताचा पहिला घास तोंडात गेला आणि दिगंबररावांचा चेहरा उतरला. मीठ घातलंच नव्हतं. पुन्हा स्टुलावर चढायचं म्हणून नंतरवर ढकललं, ते राहूनच गेलं. वरदच्याही भुवया वर गेल्या.

"मीच नको म्हटलं मीठ. माझं बीपी." श्यामलाबाईंनी डाव्या हातानं वाटी पुढे केली. "अजून वाढा हो. अशी आमटी मलाही कधी जमली नाही. वरद, आम्ही इथेच बरे आहोत."

वरदनं एकदा आईकडे पाहिलं. मग जेवला, रविवारी येतो म्हणाला आणि गेला.

दार लागलं तशी श्यामलाबाईंनी वाटी सरकवली.

"आता मीठ आणा."

दिगंबररावांनी डबा खाली काढला, आमटीत चिमूटभर मीठ टाकलं आणि डबा अळिवाच्याही आधी, ओट्यावरच ठेवून दिला. मग खुर्चीसमोर उभं राहून त्यांनी कमरेत वाकून मुजरा केला.

"पुरे," श्यामलाबाई म्हणाल्या. "गार होतेय."